व्यायला टेकलेल्या गाईची कास

गाय व्यायला टेकली की आपलं लक्ष वासराकडे लागतं. माझी कळकळीची विनंती आहे, तेवढंच लक्ष कासेकडेही द्या. कासदाह, म्हणजेच दगडी, गाईला जास्त करून गाठतो तो आटवल्यानंतरच्या पहिल्या 2 आठवड्यांत आणि व्यायच्या आगेमागे.

भाकड काळात सडाच्या छिद्रात केराटिनचं बूच बसतं, ते जंतूंना अडवतं. व्यायच्या सुमारास ते सुटतं, कासेत चीक दाटतो, आणि नेमकी तेव्हाच गाईची प्रतिकारशक्ती उतरलेली असते.

धोका कोणत्या गाईला, हे आधी ओळखता येतं. मागच्या वेतात कासदाह झालेली, जास्त वेतं झालेली, आटवतानाही भरपूर दूध असलेली, सड गळणारी. आटवण्याआधी दुधातल्या कायिक पेशी तपासून घ्या. मिलिलिटरला 2 लाखांच्या वर गेल्या तर कासेत बहुधा संसर्ग आहे. गोठ्यातच सीएमटी (कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट, म्हणजे कासदाहाची चाचणी) करता येते. चार कप्प्यांच्या ताटलीत प्रत्येक सडाचं दूध वेगळं घ्या, तेवढंच चाचणीचं द्रावण घालून फिरवा. मिश्रण जेलीसारखं घट्ट झालं, तर त्या सडाबद्दल संशय घ्या. व्याल्यावर पहिले 3-4 दिवस मात्र या चाचणीवर विसंबू नका, चिकात पेशी मुळातच जास्त असतात.

आणि कॅल्शियम! व्यायच्या सुमारास ते कमी पडलं की सडाचं तोंड नीट मिटत नाही, गाय बसून राहते, सड शेणामुतात लोळतात. व्यायची जागा कोरडीच हवी. आटवताना सडात औषधाची नळी सोडायची का, हे पशुवैद्यकांना विचारून ठरवा.