व्हिसाची मुदत आणि मुक्कामाचे दिवस

परदेशप्रवास हा एके काळी मुंबई-पुण्यापुरता विषय मानला जात असे. पुढे तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा या तालुक्यांतील मुले अभियांत्रिकीचे वा संगणकशास्त्राचे शिक्षण घेऊन अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, जर्मनी येथे स्थिरावली; आणि बाळंतपणाच्या निमित्ताने त्यांच्या आईवडिलांनाही विमानात बसण्याचा योग येऊ लागला. सुनेच्या वा लेकीच्या बाळंतपणासाठी गेलेल्या आईला चार-सहा महिने राहावेच लागते. ती आपल्या मुलाच्या घरी जाते. त्या देशाच्या कायद्याच्या दृष्टीने मात्र ती केवळ पर्यटक असते. घोटाळ्याला आरंभ होतो तो येथे.

सीमा ही गोष्ट या जिल्ह्याला तशी नवी नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. बार्शीची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर असली तरी ती इंग्रजी मुलखात, आणि मध्ये करोडगिरीचा नाका. त्या नाक्यावर मालाची मोजदाद होई. आजच्या विमानतळावर दिवसांची होते.

व्हिसा म्हणजे त्या देशाच्या दारापर्यंत जाण्याची परवानगी होय. आत किती दिवस राहावयाचे, हे पुष्कळदा दारावरील अधिकारी ठरवतो. अमेरिकेचा पर्यटक व्हिसा भारतीयांना सामान्यतः दहा वर्षांचा मिळतो. त्यामुळे दहा वर्षांत हवे तेव्हा जावे, हवे तितके राहावे, असा समज गावोगाव आढळतो. वस्तुतः प्रत्येक खेपेस बहुधा सहा महिन्यांचाच मुक्काम मिळतो आणि त्याची अंतिम तारीख ‘आय-९४’ या नोंदीत असते. ती तारीख उलटून १८० दिवसांहून अधिक राहिल्यावर परतणाऱ्यास तीन वर्षे, आणि एक वर्ष वा अधिक राहिल्यास दहा वर्षे पुन्हा प्रवेश मिळत नाही. व्हिसावरील तारीख पाहून निश्चिंत राहिलेल्या वृद्ध दांपत्याला नातवंडांचे तोंड पाहण्यासाठी एवढी प्रतीक्षा परवडणारी नसते.

इंग्लंडचा अभ्यागत व्हिसा दोन, पाच वा दहा वर्षांचा घेता येतो. मुक्काम एका खेपेस सहा महिन्यांचा. मात्र लागोपाठ खेपा करून तेथे जणू वास्तव्यच करणाऱ्यास नियमाने प्रवेश नाकारता येतो. कॅनडाने आईवडील व आजी-आजोबांची अडचण ओळखून डिसेंबर २०११ मध्ये ‘सुपर व्हिसा’ सुरू केला. जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येऊ लागले. मुलाचे निमंत्रणपत्र, त्याच्या उत्पन्नाचा पुरावा आणि किमान एक लाख डॉलरचा वैद्यकीय विमा या त्याच्या अटी. दीर्घ मुक्कामासाठी इतकी सरळ वाट फार थोड्या देशांनी ठेवली आहे.

युरोपातील शेंगेन गटाचा नियम समजावयास अवघड, म्हणून तो उदाहरणाने पाहणे बरे. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, असा हा नियम आहे, आणि २९ देश मिळून हिशेब एकच. लीप वर्ष नसलेल्या वर्षी १ जानेवारीस जर्मनीत उतरलेल्या वडिलांचे ९० दिवस ३१ मार्चला भरतात. त्यानंतर आठ दिवस लंडनला जाऊन आल्याने हिशेब नव्याने सुरू होत नाही. ३० जून उजाडेपर्यंत त्यांना परत प्रवेश नाही. पूर्वी ही मोजणी पासपोर्टवरील शिक्क्यांवरून होई. १२ ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे व छायाचित्र घेऊन ती संगणकाकडे सोपविण्यास प्रारंभ झाला. नियम पाळणाऱ्यांना सवलतही आहे: एप्रिल २०२४ च्या निर्णयानुसार तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते रीतसर वापरलेल्या भारतीयास दोन वर्षांचा, आणि त्यानंतर पाच वर्षांचा बहुप्रवेशी व्हिसा मिळू शकतो.

व्हिसाविना प्रवेशाची गोष्ट निराळी, आणि तिच्यातील धोकाही निराळा. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना ३० दिवस आणि जुलै २०२४ मध्ये ६० दिवस व्हिसाविना प्रवेश दिला. मुदत संपत आली की शेजारच्या देशात पाऊल टाकून परतावयाचे, अशी युक्ती पर्यटकांत रूढ झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये थायलंडच्या इमिग्रेशन खात्याने अशा वारंवार खेपा करणाऱ्यांना सीमेवरच अडविण्याचे जाहीर केले. ज्यांना खरोखर दीर्घकाळ राहावयाचे आहे त्यांच्यासाठी त्या देशाने २०२४ मध्ये पाच वर्षांचा व एका खेपेस १८० दिवसांचा स्वतंत्र व्हिसा काढला होता.

याच उघड्या दाराचा उपयोग दलालांनीही केला. नोकरीच्या आमिषाने थायलंडला उतरलेल्या तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमधील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेण्यात आले. मार्च २०२५ मध्ये भारतीय वायुदलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना तेथून सोडवून परत आणले. इराणने फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतीय पर्यटकांना सहा महिन्यांतून एकदा १५ दिवसांचा व्हिसाविना प्रवेश दिला होता. त्या मार्गाने नोकरीसाठी नेलेल्यांचे खंडणीसाठी अपहरण होऊ लागल्याने २२ नोव्हेंबर २०२५ पासून ही सवलत स्थगित झाली. ज्या जिल्ह्यात दुष्काळी वर्ष आले की तरुण कामाच्या शोधात बाहेर पडतो, तेथे “व्हिसा लागत नाही, आजच चला” हे शब्द कानी पडताच ग्रामपंचायतीने आणि शिक्षकांनी सावध झाले पाहिजे. पर्यटकाच्या प्रवेशावर पगाराचे काम करता येत नाही, मग प्रवेश व्हिसाने असो वा व्हिसाविना.

राहिला प्रश्न कागदपत्रांचा. जिल्ह्यातील वयोवृद्धांच्या जुन्या नोंदी उर्दूत आणि फसली सनात आढळतात; फसली सनात सुमारे ५९० मिळविले की इसवी सन येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लोहारा-उमरगा भागात घरांबरोबर कागदही गाडले गेले. पासपोर्टसाठी डिसेंबर २०१६ पासून शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन यांसारखा एखादा जन्मतारखेचा पुरावा पुरेसा ठरला. परंतु १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी केवळ जन्म प्रमाणपत्रच ग्राह्य आहे. आज गावात जन्मलेल्या मुलाच्या नोंदीत नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ज्या क्रमाने लिहिले जाईल, तोच क्रम शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात, आधारवर आणि पुढे पासपोर्टवर उतरावा, एवढे काम ग्रामपंचायतीच्या व शाळेच्या टेबलावरच होण्यासारखे आहे.