सांडव्याला इंग्रजीत काय म्हणतात?



दहावीला मला इंग्रजीत 36 मार्क होते. बाई विसरल्या असतील, मी नाही. आपण पाचवीत एबीसीडी गिरवलेली पिढी. निबंध पाठ, मध्ये एक शब्द अडला की पुढचं सगळं गायब!

पन्नाशीनंतर लेकीकडे सिंगापूरला गेले. नातवाच्या टीचरशी बोलायला जावयांना पुढे करावं लागे, त्याची लाज वाटायची. म्हणून केंब्रिजच्या बी-वन प्रिलिमिनरीला बसायचं ठरवलं. त्यातली तोंडी परीक्षा जोडीनं असते. सरावाला शेजारच्या चिनी बाई मिळाल्या, त्याही परीक्षार्थीच.

त्यांच्या आणि आपल्या भाषेत 'ए', 'द' नाहीत, ते दोघीही गाळायचो. त्यांच्याकडे बोलताना 'तो' आणि 'ती' एकच, म्हणून त्या नवऱ्याला 'शी' म्हणत. मी तर खुर्चीलाही 'शी'!

परीक्षेत फोटो देतात, त्यावर एकट्यानं मिनिटभर बोलायचं. सरावाला मी कोयना धरणाचा फोटो घेतला. सहा दरवाजे, शिवसागर, सगळं जमलं. सांडव्याला अडले. गप्प, अगदी दहावीसारखी. त्यांनी विचारलं, "वॉटर टू मच, व्हेअर गो?"

बोट ठेवून म्हटलं, "हिअर गो! बिग नॉइज!" आणि बोलतच राहिले. 'स्पिलवे' हा शब्द नंतर जावयांनी सांगितला.

दोघी पास झालो. मी लेखनात काठावरच.

बाई, निकालाचा कागद आणलाय. जेवणानंतर दाखवते.