मुक्ताबाईचे खापर

बालपणी ऐकलेल्या गोष्टींत खाण्याचा उल्लेख आला म्हणजे आपले कान किंचित अधिक टवकारले जात, हे आपणां सर्वांना स्मरत असेल. परंतु गोष्ट सांगणारी आजी तो पदार्थ पात्राच्या मुखी घालून पुढे निघून जाई, त्याची कृती काही ती सांगत नसे. ही उणीव भरून काढण्याचा, म्हणजे गोष्टींतील पात्रांचे जेवण त्यांच्या काळच्या जिनसांनी व त्यांच्या काळच्या रीतीने रांधून लातुरातल्या आमच्या घरच्या मुलांच्या पानांत वाढण्याचा छंद मला काही वर्षांपासून जडला आहे. घरच्या मंडळींनी त्याला अद्याप रीतसर मंजुरी दिलेली नाही. पण मनाईहुकूमही काढलेला नाही.

या उद्योगातून मला एक गोष्ट प्रतीत झाली. कथेतील पदार्थ शिजविल्यावाचून कथेतला पेच पुरता उलगडत नाही. लुईस कॅरोलच्या १८६५ सालच्या ‘ॲलिस’च्या गोष्टीत जे अश्रू ढाळणारे नकली कासव आहे, त्याला चित्रकार टेनिएलने वासराचे डोके आणि खूर का दिले, हे चित्राकडे कितीही वेळ पाहून समजत नाही, त्या काळी इंग्लंडात कासवाचे महागडे सार न परवडणारे लोक वासराच्या डोक्याचे सार करून त्यावर भागवीत, हे कळले म्हणजे मात्र ती चित्रकाराची लहर नसून पाकशास्त्राचा दाखला आहे असे ध्यानात येते.

आपल्याकडे संतांची चरित्रे मुलांना गोष्टींप्रमाणेच सांगितली जातात, आणि त्यांत मुक्ताबाईच्या मांड्यांची गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. लहानग्या मुक्ताईला मांडे करावेसे वाटले, ती खापर आणावयास कुंभाराकडे गेली, विसोबा चाटीने कुंभारांना ते देऊ नये म्हणून अटकाव केला, आणि अखेरीस ज्ञानदेवांनी आपली पाठ योगाग्नीने तप्त करून तिच्यावर मांडे भाजविले. पुढे हाच विसोबा पश्चात्तापाने विसोबा खेचर झाला आणि आपल्या नांदेडहून फारशा दूर नसलेल्या औंढा नागनाथ येथे नामदेवांचा गुरू ठरला. हे सारे सांगून झाले, की तव्यावरची पोळी रोज पाहणारे मूल विचारते : घरात तवा नव्हता काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयास लांब जावे लागत नाही. निलंग्याच्या पलीकडे, आज बिदर जिल्ह्यात मोडणारे बसवकल्याण ही कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. देगलूर तालुक्यातील होट्टलची मंदिरे ज्यांच्या अमदानीची साक्ष देतात तेच हे घराणे. त्यातील तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने राज्यकारभाराबरोबर मुदपाकखान्याचाही तपशील लिहून ठेवावा, ही बाब मला त्याच्या दिग्विजयांपेक्षा अधिक स्पृहणीय वाटते. त्याच्या ‘अन्नभोग’ या प्रकरणात मांड्यांची कृती आहे : गहू धुवावे, उन्हात वाळवावे, जात्यावर दळून चाळावे, त्या पिठात तूप व मीठ घालून ते लाकडी पात्रात मळावे, गोळे करून हातांनीच पसरवावे आणि तापलेल्या खापरावर भाजावे.

लाटणे नाही, पोळपाट नाही. ती कणीक मुलांदेखत हातावर पसरू लागलो तेव्हा तिचा विस्तार वाढत जाऊन ती मनगटांवरून ओघळू लागली, आणि एवढा मोठा, पातळ, लोंबता मांडा सपाट, लहान तव्यावर उतरविणे अशक्य आहे हे त्यांना न सांगता समजले. त्याला विस्तवावर पालथे घातलेले, घुमटाकार, ऐसपैस मातीचे पात्रच हवे. खानदेशात पुरणाचे मांडे अजूनही अशाच खापरावर भाजतात. ते पात्र एका कुंभाराखेरीज कोणी घडवू शकत नाही. विसोबाने नेमका तोच मार्ग रोखला होता. त्याच्या दुष्टाव्यात केवढी चतुराई होती! आणि ज्ञानदेवांनी पाठच का पुढे केली याचेही उत्तर त्या पात्राच्या आकारात आहे, असे मी मानतो; भाविकांना हे धारिष्ट वाटल्यास त्यांनी क्षमा करावी.

लेकीकडे तूपरोटी खाऊन धष्टपुष्ट झालेली आणि भोपळ्यात बसून वाघाला चकविणारी म्हातारी तर प्रत्येक घरातली. चित्रकार तो भोपळा तांबडा रंगवितात. परंतु तांबडा भोपळा अमेरिकेतून, पोर्तुगीजांच्या अमदानीत आपल्याकडे पोहोचला. गोष्ट त्याहून जुनी असेल, तर म्हातारीचे वाहन पंढरपूरकडे तंबोऱ्यासाठी पिकणाऱ्या कडू भोपळ्याच्या जातीचे असले पाहिजे. तो वाळला म्हणजे कवच कठीण, वजन हलके आणि पोट पोकळ. त्याची भाजी होत नाही. तेव्हा रांधावयाची ती लेकीच्या घरची तूपरोटीच, आणि आपल्या मुलखात ती ज्वारीच्या भाकरीवर लोणकढे तूप ओतून वाढली तर म्हातारीच्या वजनाचे रहस्य मुलांना तत्काळ पटते.

बिरबलाच्या खिचडीविषयी थोडक्यात सांगतो. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त खिचडीचे प्रमाण नमूद आहे : तांदूळ, डाळ व तूप प्रत्येकी पाच शेर, मीठ एक तृतीयांश शेर, आणि त्यातून पात्रे सात. अकबरी शेर आजच्या सुमारे सव्वासहाशे ग्रॅमांचा. तांदळाइतकेच तूप! हांडी उंच टांगली नसती, तरी एवढ्या तुपाची खिचडी पचावयास दरबाराला रात्र लागलीच असती.

या सर्व पानांतून एक जिन्नस कटाक्षाने वगळावा लागतो, तो म्हणजे मिरची. तीही समुद्रापलीकडून आलेली. मुक्ताईच्या काळी तिखटपणा मिऱ्याचा, पिंपळीचा आणि आल्याचा. शेंगदाण्याची चटणीही त्याच कारणाने बाद होते, आणि नांदेड-लातूरच्या माणसाला चटणीवाचून भाकरी खावयास सांगणे म्हणजे शिक्षाच. येत्या वेळ अमावास्येला, शेतात भज्जी, अंबील आणि उंडे यांचा सरंजाम मांडलेला असेल तेव्हा, मुलांसाठी मिऱ्याच्या तिखटाची एक लहान हांडी निराळी चढवून पाहावी. मोठ्यांच्या भज्जीतल्या हिरव्या मिरच्यांना हात लावण्याची शिफारस मी करीत नाही.