आवरणाऱ्या पेशी आणि काविळीचा विषाणू



कावीळ झालेल्याला सारे जग पिवळे दिसते, असे आपल्याकडे म्हणतात. वस्तुतः रुग्णाला जग पिवळे दिसत नाही; जगालाच तो पिवळा दिसतो. या रोगाच्या कारणमीमांसेतही समजुतीची अशीच उलटापालट झालेली आहे. ब प्रकारच्या काविळीचा विषाणू यकृताच्या पेशींचा संहार करतो, असे पुष्कळांना वाटते. तो तेथे बिऱ्हाड थाटतो हे खरे. परंतु त्या पेशी मारण्याचे काम मुख्यतः शरीराच्याच मारक टी पेशी करतात. विषाणूने ग्रासलेली पेशी ओळखून नष्ट करणे हे त्यांचे कर्तव्यच होय. डोळ्यांत उतरणारा पिवळेपणा ही बव्हंशी या युद्धाचीच खूण.

हे युद्ध आवरले नाही, तर यकृतच उरणार नाही. म्हणून शरीराने आपल्याच सैन्यावर देखरेख ठेवणाऱ्या पेशी नेमल्या आहेत. शास्त्रज्ञ त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. ‘आवरणाऱ्या पेशी’ म्हटले तर घरातील वडीलधाऱ्यांची आठवण होते, आणि ती अस्थानी नाही. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्यांची ओळख पटवली, तेव्हा अशा पेशी असतात यावर बहुतेक तज्ज्ञांचा विश्वास उरला नव्हता. २००१ मध्ये मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी उंदरांच्या एका रोगट वंशातील बिघडलेले जनुक शोधले. या पेशी घडतात त्या त्याच फॉक्सपी३ जनुकामुळे, हे पुढे सिद्ध झाले. तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु हा आवर विषाणूच्याही पथ्यावर पडतो. ब प्रकारची कावीळ जुनाट झालेल्या रुग्णांच्या रक्तात नियामक पेशींचे प्रमाण निरोगी व्यक्तींपेक्षा अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले. परीक्षानळीत त्या वेगळ्या काढताच विषाणूविरोधी टी पेशी अधिक जोमाने कामाला लागल्या. क प्रकारातही अशी निरीक्षणे आहेत. मग त्यांना हटवावे काय? उंदरांमध्ये संसर्गाच्या आरंभीच त्या नाहीशा केल्या, तेव्हा विषाणू लवकर आटोक्यात आला. पण यकृताची हानीही वाढली. अर्थात सारा दोष याच पेशींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. वर्षानुवर्षे लढून मारक पेशीही थकतात.

प्रौढपणी संसर्ग झालेल्या शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक निरोगी माणसे विषाणूला आपोआप हुसकावतात, आणि श्रेय काविळीच्या माळेला मिळते! जन्मसमयी आईकडून तो आला आणि लस मिळाली नाही, तर मात्र सुमारे ९० टक्के बालकांत तो कायमचा राहतो. नवजात शरीर आपले-परके अजून शिकत असते. तेथे युद्धच पेटत नाही आणि म्हणून कावीळही दिसत नाही. कित्येक वर्षांनी अचानक यकृत निबर झाल्याचे वा कर्करोगाचे निदान होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये हा विषाणू जगातील २५ कोटींहून अधिक माणसांत जुनाट होऊन राहिला होता; त्यांपैकी सुमारे ३ कोटी भारतात होती.

लस विषाणूला बिऱ्हाड थाटण्यापूर्वी दारातच अडवते. ज्या हैदराबादेत हे ग्रंथालय शंभर वर्षे उभे आहे, तेथेच शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये जनुकीय तंत्राने बनवलेली पहिली भारतीय हिपॅटायटिस-बी लस बाजारात आणली. तिची पहिली मात्रा बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यावयाची असते. जितका उशीर, तितका आईकडून आलेल्या विषाणूविरुद्ध तिचा उपयोग कमी.