काठावरच्या माणसाचा वाटा

(नदीकाठचा विकास, उद्याने आणि सामान्यांची घरे या विषयावर वर्धा येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आपल्या जिल्ह्याला नाव दिले ते एका नदीने. वर्धेच्या काठी पुलगावची गिरणी उभी राहिली, वणेच्या काठी हिंगणघाटची कापसाची पेठ वाढली, आणि धामेच्या काठी पवनारला आचार्य विनोबा १९३८ साली येऊन राहिले. नदीकाठ म्हणजे आपल्याकडे केवळ पाण्याची कड नव्हे. तिथे घाट असतो, मंदिर असते, बाजार भरतो, स्मशानही असते. उन्हाळ्यात पात्र आटले की ढिवर-भोई समाजाची कुटुंबे वाळूत डांगरवाड्या लावतात. परीट तिथेच कपडे धुतात. या सर्वांना तिथे येण्यासाठी कधी तिकीट काढावे लागले नाही.

आज गावोगावी नदीकाठ सुशोभित करण्याचे आराखडे होत आहेत. सेवाग्राम विकास आराखड्यात पवनारच्या धामतीराचाही समावेश होता. सुशोभीकरणाला माझा विरोध नाही. घाणेरडा, दुर्गंधीयुक्त काठ कोणाला हवा आहे? मात्र काठ सुंदर होताच त्याचा भाव वाढतो, आणि भाव वाढला की आजवर तिथे राहणारा माणस अडचणीचा वाटू लागतो. म्हणून आजचा प्रश्न साधा आहे. या नव्या काठावर नदीचा वाटा किती, गरिबाच्या घराचा किती आणि सर्वांच्या मोकळ्या जागेचा किती? आणि हा वाटा जमिनीचा सौदा होण्यापूर्वी लिहून ठेवला जाणार आहे की नाही?

गिरणगावाचा धडा

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम मुंबईकडे पाहू. गिरणगावाची जमीन बहुतांशी काठावरची नव्हती, हे खरे. परंतु शहरातील मोठी जुनी जमीन नव्या वापरात आणताना घरे, मोकळी जागा आणि व्यवसाय यांचे प्रमाण नियमातच बांधून देण्याचा ठळक प्रयोग महाराष्ट्रात झाला तो तिथेच.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि शहराच्या मध्यभागी सुमारे ६०० एकर जमिनीचे काय करायचे, असा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने त्याचे न्याय्य उत्तर दिले होते. गिरणीची जमीन विकसित करायची असेल, तर एक तृतीयांश महापालिकेकडे मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाकडे सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेली एक तृतीयांश मालकाकडे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटानेही १९९६ साली शासकीय मालकीच्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित विचार मांडला. सुटे तुकडे न पाडता सलग उद्याने, रस्ते आणि घरे यांची आखणी व्हावी, ही त्यामागची दृष्टी होती.

पुढे काय झाले? २००१ साली नियमात बदल झाला. वाटणी संपूर्ण जमिनीची न करता, ज्या भागावर बांधकाम नाही अशा मोकळ्या जमिनीचीच करायची, असे ठरले. गिरण्यांची बहुतेक जमीन शेड, गोदामे आणि चाळींनी व्यापलेली होती. त्यामुळे वाटणीला आलेला तुकडा फारच लहान राहिला. बदलाच्या बाजूने युक्तिवाद होता, आणि तो आपण ऐकून घेतला पाहिजे. दोन तृतीयांश जमीन द्यावी लागते म्हणून मालक पुढे येत नाहीत, गिरण्या गंजत पडतात आणि कामगारांची देणी थकतात, असे सांगण्यात आले. प्रकरण न्यायालयात गेले. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल पर्यावरणवादी याचिकाकर्त्यांच्या बाजूने लागला. परंतु ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा नियम उचलून धरला.

परिणाम आपल्यासमोर आहे. कामगारांच्या घरांची मोठी सोडत निघायला २०१२ साल उजाडले. संपाला तोवर तीस वर्षे झाली होती. घरासाठी अर्ज करणारे कामगार आणि वारस लाखाहून अधिक, आणि त्या जमिनींवर उपलब्ध झालेली घरे काही हजारांत! दुसरीकडे परळ-प्रभादेवीत काचेचे मनोरे उभे राहिले, हजारो नोकरदार रोज तिथे येऊ लागले, पण रस्ते, पूल आणि मोकळ्या जागा त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. त्या दुर्घटनेमागे अनेक कारणे होती. तरी मोकळ्या जागेचा हिशेब चुकल्याची किंमत शेवटी सामान्य प्रवासी देतो, हे त्या दिवशी दिसले.

हा धडा आता समुद्रकाठालाही लागू आहे. मुंबई बंदराच्या पूर्व किनाऱ्यावरील विस्तीर्ण जमिनीच्या पुनर्विकासाची चर्चा २०१४ साली राणी जाधव समिती नेमली गेल्यापासून सातत्याने चालू आहे. तिथे दारूखान्यासारख्या भागात पिढ्यान्पिढ्या कष्टकरी राहत आले आहेत. त्यांचा वाटा आधी ठरतो की नंतर, यावर सारे अवलंबून आहे.

नदीचाही हक्क

घरे आणि उद्याने यांच्या आधी एक तिसरा वाटेकरी आहे, तो म्हणजे स्वतः नदी. तिने जागा मागितली की ती घेतेच. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातील मोवाड उद्ध्वस्त केले. दोनशेहून अधिक माणसे दगावली. विदर्भाने ते विसरता कामा नये. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या सुखवस्तू वसाहतीही पाण्याखाली गेल्या. म्हणजे नदीची जागा आक्रसली की पाणी गरीब-श्रीमंत पाहत नाही. फरक एवढाच, की गरिबाचा संसार पुन्हा उभा राहायला वर्षे लागतात.

आपल्या राज्यात यासाठी पूररेषेची व्यवस्था आहे. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत वस्ती नको, आणि दोन रेषांच्या मधली बांधकामे बंधनांसह, हा त्यामागचा हेतू. उद्यान, क्रीडांगण, झाडी यांना निळ्या रेषेच्या आतील जमीन उत्तम. पाणी आले तर चार दिवसांत ओसरते. पण तिथे सिमेंटच्या भिंती घालून पात्र अरुंद केले, तर तेच पाणी खालच्या वस्तीत शिरते.

अहमदाबादच्या साबरमतीचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. २००५ नंतर तिथे प्रत्यक्ष काम झाले. दोन्ही काठांवर सुमारे अकरा किलोमीटरचा प्रशस्त मार्ग मिळाला आणि शहराला फिरण्याची जागा मिळाली, हे मान्य करायलाच हवे. मात्र त्या पात्रातील पाणी नर्मदेच्या कालव्यातून येते आणि काठावरील दहा हजारांहून अधिक कुटुंबांना हलावे लागले. त्यांतील अनेकांची नवी घरे वटव्यासारख्या दूरच्या भागात पडली. घर मिळाले, पण रोजगार दहा-बारा किलोमीटर मागे राहिला. पुनर्वसनाचा हिशेब चार भिंतींनी पूर्ण होत नाही. बाईचे धुणीभांड्याचे काम आणि मुलाची शाळा यांचे अंतरही त्यात मोजावे लागते.

आपल्या गावात काय करता येईल?

हिंगणघाट असो, पुलगाव असो वा पवनार, इथे अजून जमिनीचे भाव मुंबईसारखे नाहीत. म्हणूनच हिशेब आत्ता मांडणे सोपे आहे. पाच गोष्टी मी आपल्यासमोर ठेवतो.

पहिली, कोणताही आराखडा काढण्यापूर्वी पूररेषेचे दगड जमिनीवर रोवले जावेत; नकाशातली रेषा कोणाला दिसत नाही. दुसरी, काठावरील प्रत्येक कुटुंबाची नोंद व्हावी, आणि नवे घर पती-पत्नी दोघांच्या नावे, कामापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर मिळावे. तिसरी, घरे आणि मोकळी जागा यांचे प्रमाण संपूर्ण जमिनीवर मोजले जावे, उरल्यासुरल्या तुकड्यावर नव्हे. गिरणगाव एका शब्दाच्या बदलाने हरले, हे लक्षात ठेवा. चौथी, दिवे-कारंजी लावण्यापूर्वी सांडपाणी नदीत जाणे थांबावे. आणि पाचवी, घाट व उद्यान विनामूल्य असावे आणि ढिवर, परीट, डांगरवाडीवाले यांचा तिथला पूर्वापार वावर कायम राहावा. पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी महेश्वर आणि काशीला घाट बांधले ते सर्वांसाठी. त्या परंपरेत प्रवेशद्वारावर पहारेकरी बसत नाही.

स्वस्त घर म्हणजे कनिष्ठ घर, हा समजही वर्ध्याने केव्हाच खोडून काढला आहे. सेवाग्रामच्या कुट्या स्थानिक माती, बांबू आणि कवेलूंच्या आहेत. १९७६ साली देवेंद्रकुमार यांनी इथेच ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले आणि गावातल्या साहित्यातून टिकाऊ, कमी खर्चाच्या घरांचे प्रयोग चालवले. हे ज्ञान आपल्या दारात आहे.

मित्रहो, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की नागरिकांना हरकती व सूचना नोंदवण्याचा अधिकार आहे. पण त्यासाठी मुदत असते, आणि ती बहुधा आपल्या नकळत निघून जाते. मध्यमवर्गीय सुशिक्षितांनी इथे पुढे यावे. नगरपालिकेत जाऊन मसुदा पाहावा, तो काठावरच्या वस्तीत बसून समजावून सांगावा, आणि त्यांच्या हरकती त्यांच्याच शब्दांत लिहून द्याव्यात. एका कार्यकर्त्याने एक वस्ती एवढेच काम हाती घेतले, तरी या पावसाळ्यापूर्वी होण्यासारखे आहे.

तेवढे काम आपण घ्यावे, ही विनंती करून मी थांबतो.