लाल शाईतली आवणी

डान्स कधी सुरू होणार म्हणून चुळबुळणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

प्रास्ताविकात माझा ‘सुप्रसिद्ध साहित्यिक’ असा उल्लेख झाला, तेव्हा मीच मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून!

मी शहापूर-मुरबाडच्याच मातीतला. सातवीत ‘माझे गाव’ या निबंधात लिहिलं होतं, आवणीच्या दिवसांत आई इरलं घेऊन शेतावर जाते. वही परत आली ती ‘आवणी’भोवती लाल गोल आणि वर ‘लागवड’ असं लिहून. गोष्ट एवढीशी. पण मी ठरवून टाकलं, घरी बोलतो ते सगळंच अशुद्ध. पुढे दहा वर्षं समुद्रावरच्या सूर्यास्ताच्या कविता-कथा लिहिल्या. समुद्र पाहिलाही नव्हता! कविता ‘साभार परत’ यायच्या आणि आपल्याला लिहिता येत नाही, ही खात्री पक्की व्हायची.

एकदा अशीच एक कथा आईला वाचून दाखवली. तिला अक्षरओळख नव्हती. म्हणाली, “चांगली हाय. पन ही मानसं कुठली रं?”

त्या रात्री राब भाजण्यावर, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्यावर, दोन पानं लिहिली. शेण, कवळ, गवत, वर मातीचा थर. मग वाऱ्याच्या उलट अंगानं विस्तव लावायचा, म्हणजे राब भपकन न पेटता सावकाश धुमसतो. एकाही शब्दासाठी अडलो नाही.

शंका मात्र गेली नाही; आजही भाषणाचा कागद तीनदा फाडला. पण धाकधुकीतही लिहिता येतं. फलटणच्या बेबीताई कांबळे छोटंसं दुकान सांभाळत लिहायच्या आणि घरच्यांच्या नजरेस पडू नये म्हणून ते लपवून ठेवायच्या. वीस वर्षं! भीती होतीच, तरी वही भरत होती. १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे त्यांचं आत्मकथन पुस्तकरूपानं आलं, २००८ मध्ये इंग्रजीतही गेलं.

आपल्याकडच्या तानसा-भातसा धरणांचं पाणी मुंबईला पोचलं. इथं उन्हाळ्यात टँकरपाशी हंडा लावणाऱ्या बाईनं लिहिलेलं पुस्तक मात्र मला अजून वाचायला मिळालेलं नाही. ते कदाचित इथल्याच एखाद्या दप्तराच्या तळाशी असेल.

होळीच्या आसपास घरी राब भाजायला घेतील. तेव्हा भित्तिपत्रकासाठी एक पान लिहा. शब्द घरातलेच ठेवा. आणि सर, बाई, तुम्हाला एक विनंती: लाल पेन जरा जपून.

चला, वाजवा गाणं!