मुलाच्या वतीने बोलण्याचे शिक्षण

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी बेसा, नागपूर येथे केलेले भाषण)



या स्नेहसंमेलनात चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीने मला आज्ञा केली, तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. मी विद्वान नाही, वक्ता तर नाहीच नाही. महसूल खात्यात एकतीस वर्षे लेखणी झिजवून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला आणि आता बेसा येथे घर बांधून राहिलेला मी एक सामान्य गृहस्थ आहे. तथापि ज्या विषयावर आपल्या ज्ञातीत आजवर दबक्या आवाजातच बोलले गेले, त्या विषयावर कोणीतरी उघडपणे बोलले पाहिजे असे वाटल्यामुळे मी उभा आहे. माझा धाकटा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. तो जन्मतः डाऊन सिंड्रोम असलेला आहे. हे वाक्य भरसभेत उच्चारण्यास मला एकोणीस वर्षे लागली, यातच माझ्या भाषणाचे कारण आले.

प्रथम माझा स्वतःचा अपराध सांगतो. माझ्या थोरल्या मुलीला पाहावयास पाहुणे येणार होते, तेव्हा आम्ही या मुलाला दोन दिवस वर्ध्यास त्याच्या मामाकडे पाठवून दिले. कार्यक्रम यथासांग पार पडला. मुलगा परत आला आणि उंबऱ्याशीच उभा राहून त्याने आपल्या आईला विचारले, “पाहुणे गेले का? आता मी घरात राहू?” त्याला काही समजत नाही, अशी माझी समजूत होती. त्याला सर्व समजले होते. न समजणारा मीच होतो.

पुढे जे स्थळ आले त्या मंडळींना आम्ही पहिल्याच भेटीत सर्व सांगितले. त्यांनी नम्रपणे नकार कळविला. त्यानंतरच्या स्थळाने होकार दिला, आणि आज जावई घरी आले की आधी आपल्या मेहुण्याची चौकशी करतात. माझ्या मुलाच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक आहे. यात कोणाचे पाप नाही, कोणाची दृष्ट नाही, आणि बहुतेक वेळा हे घराण्यातून उतरतही नाही. वधूवर परिचयाच्या पुस्तिकेत आपण गोत्र, शिक्षण, वेतन, सर्व छापतो. आपल्याच घरचे एक लेकरू मात्र त्या पुस्तिकेच्या भीतीने मागच्या खोलीत बसते. अशी घरे या मंडपात एकदोनच आहेत असे मी मानत नाही.

असो. आजचा विषय मुलाला न लपविण्यापुरताच नाही. मूल पुढे आणल्यावर त्याच्यासाठी बोलावे कसे, हा खरा प्रश्न आहे. ती एक विद्या आहे आणि ती शिकावी लागते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

माझा मुलगा सहा वर्षांचा झाला, ते वर्ष २०१३ होते. मी त्याला घेऊन एका शाळेत गेलो. “आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही,” असे मला गोड शब्दांत सांगण्यात आले. दुसऱ्या शाळेत तेच, तिसऱ्या शाळेत तेच. तिन्ही वेळा मी हात जोडून परत आलो. गंमत अशी की, कार्यालयात माझ्यापुढे कोणी तोंडी तक्रार घेऊन आला, तर “लेखी अर्ज द्या, आवक शिक्का घ्या” असे मीच त्याला सांगत असे. हजारो लोकांचे अर्ज ज्याच्या हातून गेले, त्या कारकुनाला स्वतःच्या मुलासाठी एक अर्ज लिहिणे सुचले नाही. लाजेने मनुष्याची बुद्धी कशी बंद पडते, याचा हा नमुना आहे.

मार्ग दाखविला तो आमच्या शेजारच्या एका भगिनीने. त्यांची कन्या कर्णबधिर होती. त्या आपल्या ज्ञातीच्या नव्हत्या, हे मुद्दाम सांगतो. त्या माझ्या पत्नीला म्हणाल्या, “ताई, नकार तोंडी आहे तोवर त्याला काही किंमत नाही. लेखी मागा.” मग आम्ही दोघांनी रात्री बसून अर्ज लिहिला. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षे वयापर्यंत योग्य वातावरणात मोफत शिक्षण देण्याचे दायित्व शासनावर आहे, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन अशी मुले त्यात स्पष्टपणे आली आहेत, एवढे दोनच आधार त्यात दिले. अर्जाच्या दोन प्रती केल्या, एका प्रतीवर पोच मागितली आणि नकार असल्यास कारणासह लेखी द्यावा अशी विनंती केली. लेखी नकार कोणीही दिला नाही. आठ दिवसांत प्रवेश मिळाला.

श्रोतेहो, यात माझी काही मर्दुमकी नाही. ज्या वाटेने आम्ही गेलो ती वाट दुसऱ्या आईबापांनी आधीच घालून ठेवली होती. मुंबईस वकील या पारशी दांपत्याची कन्या दीना हिला डाऊन सिंड्रोम होता. तिच्यासाठी त्यांनी १९४४ साली आपल्या घरीच शिकवणे आरंभिले, आणि त्यातूनच पुढे ‘जय वकील’ ही मोठी शाळा उभी राहिली. डॉ. मिठू अलूर यांची कन्या मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी होती. तिच्यासारख्या मुलांसाठी शाळा नाही, म्हणून मातेने १९७२ साली मुंबईस शाळा काढली, आणि कन्येने पुढे मोठी होऊन स्वतःची जीवनकथा इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केली. बदलापूर येथे ‘आधार’ ही संस्था पालकांनीच एकत्र येऊन उभारली, कारण ‘आमच्या मागे या लेकराचे काय?’ हा प्रश्न त्या प्रत्येकाच्या उशाशी होता. आपल्या नागपुरातही कमलाताई होस्पेट यांनी १९२१ साली स्थापिलेल्या मातृसेवा संघाने या मुलांसाठी ‘नंदनवन’ चालविले आहे.

सातासमुद्रापलीकडची गोष्टही हेच सांगते. अमेरिकेत १९७५ साली अशा मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला, आणि मुलाची शिक्षणयोजना ठरविताना आईबापांना शिक्षकांच्या बरोबरीने बसण्याचा अधिकार मिळाला. परंतु अधिकार मिळाला तरी त्या बैठकीत बोलावे काय, हे आईबापांना ठाऊक नव्हते. तेव्हा मिनेसोटा राज्यातील पालकांनी १९७७ साली एक केंद्र काढले आणि पालकांनीच पालकांना शिकविण्यास आरंभ केला. पुढे तेथील सरकारनेच अशा केंद्रांना अनुदान देण्याची व्यवस्था केली. कायदा करणे निराळे आणि तो सामान्य गृहिणीच्या जिभेवर येणे निराळे, हे त्या देशालाही अनुभवानेच कळले.

आपल्याकडे कायद्यांची वाण नाही. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. पूर्वीच्या कायद्यात ७ प्रकार होते, या कायद्यात २१ आहेत. ज्याचे दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक प्रमाणित झाले आहे अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत, अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. उच्च शिक्षणात ५ टक्के आणि शासकीय नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव आहेत. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा महाराष्ट्र शासनाचा निर्णय आहे. म्हणजे आपल्या बेसा-पिपळा नगरपंचायतीतही हा प्रश्न विचारण्याचा प्रत्येक पालकाला अधिकार आहे. तो कितींनी विचारला?

आता ही विद्या शिकावी कशी, ते माझ्या अल्पमतीप्रमाणे सांगतो.

पहिला पाठ मुलाला ओळखण्याचा. एका पानावर लिहा : मुलाला काय येते, काय आवडते, कोठे अडते आणि कोणती मदत मिळाली म्हणजे अडचण दूर होते. आम्ही प्रथम हे पान लिहू लागलो, तेव्हा ‘येत नाही’ची यादी झरझर झाली आणि ‘येते’च्या यादीपाशी लेखणी थांबली. मग आठ दिवस आम्ही मुलाकडे लक्ष देऊन पाहिले. त्याला घरातील प्रत्येकाचे ताट ओळखता येत होते. कपड्यांच्या घड्या तो माझ्यापेक्षा नीट घालीत होता. शिक्षकांच्या हाती हे पान दिले की संभाषण दयेवरून कामावर येते.

दुसरा पाठ कागदांचा. जन्मदाखला, वैद्यकीय अहवाल, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व त्याचे यूडीआयडी ओळखपत्र, दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच, हे सर्व तारीखवार एका नस्तीत लावावे. कोणाशी काय बोलणे झाले त्याची दोन ओळींची नोंद त्याच दिवशी करावी. स्मरणावर विसंबणाऱ्याचे काम कार्यालयात होत नाही, हे मी आतून पाहिलेले आहे.

तिसरा पाठ मागण्याचा. आधी सौजन्याने तोंडी, मग लेखी, मग वरिष्ठांकडे. शाळेचे काम मुख्याध्यापकांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाते. तेथेही न्याय न मिळाल्यास दिव्यांगांसाठी राज्य आयुक्त आहेत. अर्जात रडगाणे नको आणि शिवीगाळही नको. एका अर्जात एकच मागणी आणि तिचा आधार, एवढे पुरे. समोरचा मनुष्य बहुधा दुष्ट नसतो, अनभिज्ञ असतो. त्याला नियम दाखवा म्हणजे त्यालाही धीर येतो.

चौथा पाठ पुढच्या काळाचा. मूल अठरा वर्षांचे झाले की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, आणि ती पालकाची नेमणूक करते. याच न्यासाची ‘निरामय’ ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविमा योजना आहे. त्या न्यासाच्या मंडळावर पालकांच्या संघटनांसाठी ३ जागा कायद्यानेच ठेवल्या आहेत. संघटित आईबापांचा शब्द विधिमंदिरानेही मानला आहे.

पाचवा पाठ सर्वांत कठीण, आणि तो माझ्या पत्नीने मला शिकविला. गतवर्षी पालकत्वाच्या अर्जासाठी आम्ही समितीपुढे गेलो. अधिकाऱ्यांनी मुलाविषयी मला प्रश्न विचारला. मी सवयीने उत्तर देऊ लागलो, तोच ती म्हणाली, “साहेब, त्यालाच विचारावे. थोडा वेळ लागेल, पण तो सांगेल.” अधिकारी थांबले. विचारले, “आईबाबा थकले म्हणजे तुझ्याकडे कोण पाहील?” मुलाने बराच वेळ घेतला आणि उत्तर दिले, “ताई. आणि मी ताईकडे पाहीन.” तेरा वर्षे मी त्याच्या वतीने बोलण्यास शिकत होतो. त्या दिवशी गप्प बसण्यास शिकलो.

आता मंडळापुढे माझी नम्र मागणी. प्रतिवर्षी आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, तो अवश्य करावा. परंतु महिन्यातील एका रविवारी मंडळाच्या सभागृहात दोन तास पालकांचा अभ्यासवर्ग भरवावा. ज्यांनी प्रमाणपत्र काढले त्यांनी ज्यांना काढावयाचे आहे त्यांना सोबत न्यावे. आपल्यातील वकील व शिक्षकांनी पाळीपाळीने एकेक नियम मराठीत समजावून सांगावा. केंद्र शासनाचे दिव्यांगांसाठीचे संयुक्त प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे, तेथील तज्ज्ञांस विनंती करावी. भावंडांनाही या वर्गात बोलवावे, कारण पुढचा भार त्यांच्यावर येणार आहे. आणि वर्गाचे दार ज्ञातीबाहेरच्यांनाही उघडे असावे. मला अर्ज लिहावयास शिकविणाऱ्या भगिनीने माझी जात विचारली नव्हती.

यासाठी फार पैसा लागणार नाही. एक सतरंजी, एक फळा आणि संकोच सोडून आलेली चार घरे एवढ्यावर आरंभ होईल. त्यांपैकी पहिले घर माझे, हे आजच लिहून घ्यावे. कार्यवाहांच्या हाती मी तसा लेखी अर्ज दिला आहे आणि त्याची पोचही घेतली आहे.

मुलगा आज पहिल्या रांगेत त्याच्या ताईशेजारी बसला आहे. भोजनाच्या वेळी त्याच्याशी जरूर बोला. त्याचे बोलणे थोडे अस्पष्ट आहे, तेव्हा उत्तराची जरा वाट पाहा.